57 जागांचा धाक: स्कॉटिश राष्ट्रवाद ब्रिटिश निवडणुकीत नेमके काय करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: "घर सांगलीला, सप्टेंबरपासून ग्लासगोत एमएस्सीला आहे. ब्रिटिश संसदेत 650 जागा, त्यांतल्या स्कॉटलंडच्या फक्त 57. स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, स्कॉटलंडबाहेर उमेदवारही देत नाही. मग प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीत तिची एवढी चर्चा का? आपल्याकडचे प्रादेशिक पक्ष दिल्लीत पाठिंब्याच्या बदल्यात पदरात काहीतरी पाडून घेतात, तसे आहे का हे? आणि 2024 मध्ये हा पक्ष 48 जागांवरून 9 वर आला, म्हणजे विषय संपला का?"

मी 2006 पासून ग्लासगोत राहते. प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गात ब्रिटिश राजकारण शिकवते आणि निवडणुकीच्या रात्री मतमोजणीच्या टेबलावर बसते. त्या टेबलावर बसणाऱ्याला कोणत्याही उमेदवाराचे काम करता येत नाही, म्हणून मी कुठल्याच पक्षात नाही. हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी येतो आणि दरवर्षी विचारणारा जागांच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो. माझ्या मते गाडी तिथेच चुकीच्या रुळावर जाते. एसएनपीच्या जागांमुळे लंडनमधले सरकार ठरले, असे फार थोड्या वेळा घडले आहे. या पक्षाच्या धाकाने इतर पक्ष आपले वागणे बदलतात, हे मात्र गेली पन्नास वर्षे सतत घडते आहे. धाक केव्हा चालतो आणि केव्हा नाही, हे मात्र त्या त्या निवडणुकीवर अवलंबून असते. लंडनमध्ये स्पष्ट बहुमत आहे की त्रिशंकू, स्वातंत्र्याचा विषय ऐरणीवर आहे की मागे पडलाय, आणि स्कॉटलंडमध्ये विरोधी मते एकवटली आहेत की विखुरली, या तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

सुरुवात 1974 पासून करू, कारण तिथे धाक उघड दिसतो. एसएनपी 1934 पासून होती, पण पहिली तीस-बत्तीस वर्षे तिला कोणी मोजत नव्हते. 1967 मध्ये हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत विनी यूइंग यांनी मजूर पक्षाचा बालेकिल्ला घेतला, तेव्हा पहिला हादरा बसला. मग उत्तर समुद्रात तेल सापडले आणि "हे तेल स्कॉटलंडचे आहे" ही घोषणा भिंतीभिंतीवर आली. फेब्रुवारी 1974 मध्ये एसएनपीचे सात खासदार निवडून आले. आता मजूर पक्षाचे काय झाले ते बघा. लंडनच्या नेत्यांना स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा देण्याचे वचन हवे होते, पण पक्षाच्या स्कॉटिश कार्यकारिणीने 22 जून रोजी ते सहा विरुद्ध पाच मतांनी फेटाळले. त्या दिवशी फुटबॉल विश्वचषकात स्कॉटलंडचा युगोस्लाव्हियाशी सामना होता, त्यामुळे बैठकीला निम्मे सदस्यही आले नव्हते. लंडनने हा निकाल मानला नाही. ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या डॅलिन्टोबर स्ट्रीटवर खास परिषद भरवून तोच निर्णय उलटा फिरवला गेला. सात खासदारांच्या पक्षाने तीनशे खासदारांच्या पक्षाला स्वतःचे धोरण बदलायला लावले, आणि त्यासाठी एकही वाटाघाट झाली नाही.

ऑक्टोबर 1974 मध्ये एसएनपी 11 जागांवर गेली, मते 30 टक्के. वर्गात मी त्याहून जास्त वेळ दुसऱ्या आकड्यावर घालवते. स्कॉटलंडच्या त्यावेळच्या 71 जागांपैकी 42 जागांवर एसएनपी दुसऱ्या क्रमांकावर होती. निवडून आलेल्या खासदाराच्या झोपेचे खोबरे करतो तो दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

आता तुमचा पाठिंब्याच्या सौद्याचा मुद्दा. एसएनपीने हातातल्या जागांचा वापर एकदाच निर्णायकपणे केला आणि तो तिला फार महागात पडला. मार्च 1979 मध्ये स्कॉटिश विधानसभेसाठी सार्वमत झाले. बाजूने 51.6 टक्के मते पडली, पण कायद्यात अट घालून ठेवली होती की एकूण नोंदणीकृत मतदारांच्या 40 टक्क्यांनी "होय" म्हटले पाहिजे. प्रत्यक्षात ते 32.9 टक्केच भरले आणि विधानसभा बारगळली. चिडलेल्या एसएनपीने जेम्स कॅलाहन यांच्या मजूर सरकारविरुद्ध अविश्वास ठरावावर मत दिले. 28 मार्चला ठराव 311 विरुद्ध 310 असा एका मताने मंजूर झाला. त्या चर्चेत कॅलाहन यांनी एसएनपीला टर्की पक्ष्यांची उपमा दिली होती. इंग्रजांच्या घरी नाताळला टर्की कापतात, आणि हे टर्की नाताळ लवकर यावा म्हणून मत देताहेत, असा त्याचा अर्थ. तसेच झाले. मे 1979 मध्ये हुजूर पक्षाच्या मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या आणि एसएनपी 11 वरून दोनवर आली.

त्या एका रात्रीचे ओझे पक्ष अजून वाहतो. "टार्टन टोरी", म्हणजे स्कॉटिश चौकड्यांचे कापड पांघरलेले हुजूर पक्षवाले, हे मजूर पक्षाचे हत्यार त्यानंतर आणखी धारदार झाले. थॅचर यांच्या काळात कोळसा, पोलाद, जहाजबांधणी बसली. दरडोई आकारलेला पोल टॅक्स स्कॉटलंडवर इंग्लंडच्या एक वर्ष आधी, 1989 मध्ये लादला गेला. हुजूर पक्षाबद्दलची चीड इतकी मुरली की 1997 मध्ये स्कॉटलंडने त्यांचा एकही खासदार पाठवला नाही. अशा मतदारांच्या जिवावर वाढलेल्या एसएनपीला हुजूर सरकारला पाठिंबा देणे अशक्य झाले. आपल्याकडच्या पक्षांपासूनचा फरक इथे आहे. आपल्याकडचा प्रादेशिक पक्ष सौदा करू शकतो तो दोन्ही बाजूंना जाण्याची मुभा असते म्हणून. एसएनपीला ती मुभा नाही. मजूर पक्षाचे सरकार पाडून हुजूर पक्षाला वाट करून देणे म्हणजे 1979 पुन्हा ओढवून घेणे, हे दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून मजूर नेते निवडणुकीआधी बिनदिक्कत सांगू शकतात की तुमच्याशी करार करणार नाही. एड मिलिबँड यांनी 2015 मध्ये टीव्हीवर हेच सांगितले. करार करून सरकार बनवण्यापेक्षा सरकार न बनलेले चालेल, असे ते म्हणाले.

आता 2015 कडे येते. मी प्रत्यक्ष पाहिलेल्या निवडणुकांत ही सगळ्यांत मोठी, आणि या सगळ्या विषयाची किल्ली तिच्यातच आहे.

त्याआधीची परिस्थिती अशी. 1999 पासून एडिंबरोत होलीरूडची स्कॉटिश संसद आहे. स्कॉटिश मतदार बराच काळ दोन वेगळ्या हिशेबांनी मत देत असे. होलीरूडसाठी एसएनपी, कारण ती स्कॉटलंडचा कारभार सांभाळते. लंडनसाठी मजूर पक्ष, कारण हुजूर पक्षाला बाहेर ठेवायचे आहे. 2010 मध्ये लंडनला मजूर पक्षाचे 41 खासदार गेले, एसएनपीचे फक्त सहा. वर्षभरातच त्याच मतदारांनी होलीरूडच्या 129 पैकी 69 जागा एसएनपीला दिल्या. या दोन हिशेबांमधली भिंत 18 सप्टेंबर 2014 च्या सार्वमताने पाडली. स्वातंत्र्याच्या विरोधात 55.3 टक्के, बाजूने 44.7 टक्के. मतदान 84.6 टक्के झाले, सोळा वर्षांच्या मुलांनीसुद्धा मत दिले. इथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार आहे, म्हणून भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनीही मत दिले. कितीतरी घरांत नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे होती.

स्वातंत्र्यवादी हरले. आठ महिन्यांनी, मे 2015 मध्ये, एसएनपीने स्कॉटलंडच्या तेव्हाच्या 59 पैकी 56 जागा जिंकल्या. वर्गात मी इथे थांबते आणि विचारते, हरलेली बाजू जिंकली कशी? आकडे समोर ठेवा. सार्वमतात "होय" म्हणणारे 16 लाख 18 हजार होते. 2015 मध्ये एसएनपीला मते पडली 14 लाख 54 हजार, म्हणजे त्यांच्याहूनही कमी. पण "होय" म्हणणाऱ्यांपुढे जाण्यासारखा एकच मोठा पक्ष होता. "नाही" म्हणणारे मजूर, हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट अशा तीन पक्षांत विभागले गेले. मतदारसंघात सर्वांत पुढे असेल तो विजयी, या पद्धतीत एका बाजूची सगळी मते एका ढिगात आणि दुसऱ्या बाजूची तीन ढिगांत पडली, तर पन्नास टक्के मतांवर पंचाण्णव टक्के जागा मिळतात. मजूर पक्ष 41 वरून एकावर आला. सार्वमताच्या प्रचारात तो हुजूर पक्षाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता, ते त्याच्याच मतदारांनी माफ केले नाही.

त्या रात्री ग्लासगोच्या सातही जागांची मोजणी शहराच्या पूर्वेच्या एमिरेट्स अरीनात होती. आमच्या टेबलावर मतपत्रिका उलगडायच्या, उमेदवाराप्रमाणे ट्रेमध्ये टाकायच्या, मग रबरबँड लावून गठ्ठे करायचे. समोर कठड्यापलीकडे पक्षांचे लोक क्लिपबोर्ड घेऊन उभे असतात, प्रत्येक मतपत्रिकेला एक रेघ, पाचवी रेघ आडवी. माझ्या समोर मजूर पक्षाचे एक म्हातारे गृहस्थ होते, कोटावर लाल गुलाबाचा बिल्ला. मागच्या निवडणुकीतही मी त्यांना तिथेच पाहिले होते. पहिला अर्धा तास ते मन लावून रेघा मारत होते. हळूहळू त्यांचा हात मंदावला. एसएनपीचा ट्रे भरला, तो रिकामा करून मी पुन्हा ठेवला, पुन्हा भरला. मग त्यांनी पेन्सिल खिशात घातली आणि क्लिपबोर्ड छातीशी धरून नुसते उभे राहिले. ग्लासगो नॉर्थ ईस्टमध्ये त्या रात्री मतांचा कल 39 टक्क्यांनी मजूर पक्षाकडून एसएनपीकडे झुकला. वर्गात हा आकडा लिहिताना मला अजून त्या हाताची आठवण होते. ती नुसती राजकीय पडझड नव्हती, तीन-तीन पिढ्यांची घराण्याची सवय तुटली होती.

आता लंडनचा हिशेब करू. 2015 मध्ये हुजूर पक्षाला 330 जागा मिळाल्या, मजूर पक्षाला 232. समजा एसएनपी अस्तित्वातच नाही आणि स्कॉटलंडच्या सगळ्या 59 जागा मजूर पक्षाला मिळाल्या. तरी मजूर 290 आणि हुजूर 329. डेव्हिड कॅमेरनच पंतप्रधान झाले असते. एसएनपीचे 56 खासदार आकड्याच्या दृष्टीने निष्प्रभ होते.

मग त्या निवडणुकीवर तिचा प्रभाव कुठे पडला? इंग्लंडमध्ये. हुजूर पक्षाचे एक पोस्टर तुम्ही शोधून बघा: एसएनपीचे माजी नेते ॲलेक्स सॅमंड यांच्या कोटाच्या वरच्या खिशातून इवलेसे एड मिलिबँड डोकावताहेत. संदेश असा की मजूर पक्षाला मत म्हणजे देशाच्या चाव्या देश तोडणाऱ्यांच्या हाती. मतदानाआधीचे सर्व अंदाज त्रिशंकू संसदेचे होते, म्हणून ही भीती खरी वाटली. दक्षिण-पश्चिम इंग्लंडमध्ये लिबरल डेमोक्रॅटांच्या जागा हुजूर पक्षाने एकामागून एक घेतल्या आणि तो पक्ष देशभरात 57 वरून 8 वर आला. हुजूर पक्षासोबत आघाडी सरकारात बसल्याची शिक्षा हे त्याचे मोठे कारण आहेच, आणि भीतीचे मत व रागाचे मत मतपत्रिकेवर वेगळे ओळखू येत नाही. माझे मत विचाराल तर भीतीने निकाल फिरवला नाही, पण काठावरच्या जागा तिने ढकलल्या. मजूर पक्षाची मात्र इकडे आड तिकडे विहीर झाली. एसएनपीशी गोड बोलावे तर इंग्लंड बिथरते, तोडून बोलावे तर स्कॉटलंड.

या धाकाची दुसरी बाजू 2017 मध्ये दिसली, आणि तिच्याकडे लोकांचे फार दुर्लक्ष होते. राष्ट्रवाद आपल्या बाजूचे लोक जसे एकत्र आणतो तसे विरोधकांनाही आणतो. ब्रेक्झिटच्या सार्वमतात स्कॉटलंडने 62 टक्के मते युरोपात राहण्यासाठी दिली होती, त्या बळावर एसएनपीच्या नेत्या निकोला स्टर्जन यांनी मार्च 2017 मध्ये दुसऱ्या सार्वमताची मागणी केली. पुढच्याच महिन्यात पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणूक जाहीर केली. स्कॉटलंडच्या हुजूर नेत्या रूथ डेव्हिडसन यांनी सगळा प्रचार "दुसरे सार्वमत नको" या एका वाक्यावर लढवला. संघराज्य टिकावे असे वाटणारी मते, विशेषतः ईशान्येला आणि इंग्लंडच्या सीमेलगत, हुजूर पक्षाकडे गोळा झाली. उत्तरेच्या मासेमारी बंदरांत युरोपविरोधी भावना होतीच. हुजूर पक्षाच्या जागा एकावरून 13 झाल्या. सॅमंड स्वतः हरले.

इथे पुन्हा गणित करा. मे यांना देशभरात 317 जागा मिळाल्या, बहुमत गेले, उत्तर आयर्लंडच्या डीयूपीच्या 10 खासदारांवर सरकार टेकले. शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे सात सदस्य संसदेत बसत नाहीत, सभापती आणि उपसभापती मत देत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात 320 पुरत होते. स्कॉटलंडमधल्या 12 नव्या जागा वजा केल्या तर 305 अधिक 10, म्हणजे 315. सरकार उभेच राहिले नसते. म्हणजे एसएनपीला ज्या हुजूर सरकारचा सर्वाधिक तिटकारा, ते तिच्याच मागणीच्या प्रतिक्रियेतून आलेल्या मतांवर तगले.

2019 मध्ये एसएनपी पुन्हा 48 वर गेली, पण बोरिस जॉन्सन यांना ऐंशीचे मताधिक्य होते, त्यामुळे त्या 48 जणांना भाषणांपलीकडे फारसे करण्यासारखे काही उरले नाही.

आता 2024, तुमचा शेवटचा प्रश्न. नोव्हेंबर 2022 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की लंडनच्या संमतीशिवाय होलीरूडला सार्वमताचा कायदा करता येणार नाही. स्वातंत्र्याची वाट तिथे अडली. वर्षभरात स्टर्जन गेल्या, मग हमझा यूसफ आले आणि गेले, मग जॉन स्विनी. होलीरूडमधल्या सतरा वर्षांच्या सत्तेचा शिणवटा होता, रुग्णालयांच्या प्रतीक्षायाद्या होत्या. सगळ्यांत मोठे म्हणजे हुजूर सरकार घालवायची घाई होती, आणि ते काम मजूर पक्षच करू शकत होता. 2014 पूर्वीचा जुना हिशेब परत आला. एसएनपीला 30 टक्के मते आणि 9 जागा. मजूर पक्षाला 35 टक्के मते आणि 37 जागा. फरक पाच टक्क्यांचा, जागा चौपट. ज्या पद्धतीने 2015 मध्ये एसएनपीला डोक्यावर घेतले होते तिनेच तिला खाली आपटले.

पण स्वातंत्र्याला पाठिंबा असल्याचे सांगणारे त्या काळातल्या पाहण्यांत 45 ते 50 टक्क्यांच्या आसपासच राहिले. पक्ष 30 वर घसरला, कल्पना घसरली नाही. स्वातंत्र्य हवे असणाऱ्यांपैकी काहींनी त्या दिवशी मजूर पक्षाला मत दिले, बरेच जण घरीच बसले. स्कॉटलंडमधले मतदान 68 टक्क्यांवरून 59 टक्क्यांवर आले होते. घरी बसलेला मतदार परत बाहेर पडू शकतो. म्हणून "संपला" हा शब्द मी वापरत नाही. संसदेत आता लिबरल डेमोक्रॅट तिसरा पक्ष आहे, पंतप्रधानांना दर आठवड्याला दोन प्रश्न विचारण्याचा एसएनपीचा हक्क गेला आहे, हे नुकसान मात्र खरे आहे. ब्रिटनभरचा प्रेक्षक त्या दोन प्रश्नांमुळे त्यांना पाहत होता.

आता तुम्ही पुढची निवडणूक वाचाल तेव्हा कुठे बघायचे ते सांगते. मजूर पक्षाने 2024 मध्ये जिंकलेल्या बहुतेक स्कॉटिश जागांवर एसएनपी दुसऱ्या क्रमांकावर आहे, म्हणजे चित्र 1974 च्या ऑक्टोबरसारखे. त्यात नवीन भर अशी की संघराज्यवादी मते आता तीन नव्हे, चार ढिगांत आहेत. रिफॉर्म यूके या नायजेल फराज यांच्या उजव्या पक्षाने 2024 मध्येच स्कॉटलंडमध्ये सात टक्के घेतले. ढीग जितके जास्त, तितका जिंकायला लागणारा आकडा खाली येतो. एसएनपीचे एकही मत न वाढता तिच्या जागा दुपटी-तिपटीने वाढू शकतात, आणि तेव्हा वर्तमानपत्रे राष्ट्रवादाची लाट आली म्हणून लिहितील. तुम्ही आधी विरोधी मते कशी फुटली ते पाहा.

आणि तुम्ही भारतीय पासपोर्टवर आलात तरी इथे मतदार म्हणून नाव नोंदवू शकता, अजून केले नसेल तर करा. संसदेच्या निवडणुकीत मतदान केंद्रावर फोटो असलेले ओळखपत्र मागतात. भारतीय पासपोर्ट चालतो. तुमचा पत्ता कोणत्या मतदारसंघात येतो ते बघा, 2024 चा निकाल काढा, आणि विजयी नावावरून पुढे सरकून त्याच्या खालच्या ओळीतला आकडा वहीत लिहून ठेवा.